ओल्या सागवानाची दांडी

विद्याधर कोरगावकरने काशीराम मेस्त्रीला कामावर घेताना एकच प्रश्न विचारला होता, "गिटार कधी हातात घेतलीय का?"

काशीरामला प्रश्न अर्धाच ऐकू आला. बाकीचा त्याने ओठ बघून जुळवला आणि म्हणाला, "गिटार नाही शेठ. लाकूड घेतलंय. तीस वर्षं."

विद्याधर हसला आणि त्याने काशीरामला दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं. हे त्र्याऐंशी सालच्या मे महिन्यातलं. गिरणी बंद होऊन तेव्हा सव्वा वर्ष उलटलं होतं. संप महिन्या-दोन महिन्यांत मिटेल असं आधी सगळेच म्हणत होते. आता कोणी काहीच म्हणत नव्हतं.

काशीराम कणकवलीकडचा. सतराव्या वर्षी मुंबईत आला तो थेट गिरणीच्या सुतारखात्यात. मागांचे लाकडी भाग घडवायचे, बसवायचे, मोडले की बदलायचे. बसवायला मागांच्या खात्यात जावं लागे, आणि तिथे शेकडो माग एकदम चालू असत. पस्तिशीतच त्याच्या कानांनी बारीक आवाज सोडले. आधी पाखरं गेली, मग कुकरची शिटी, मग बायकांचं बोलणं. जाडा आवाज अजून यायचा. ट्रक यायचा, ढोल यायचा. बायको वनमालेचं बोलणं तो तोंडाकडे बघून समजून घ्यायचा.

जोगेश्वरीला लेण्यांच्या मागच्या वस्तीत त्यांची खोली होती. वनमाला अंधेरीच्या एका कपड्यांच्या कारखान्यात धागे कापायला जायची. काम लागलं त्या संध्याकाळी तिने विचारलं, "कानाचा सांगितलात त्यांका?"

"नाय."

"कळला तर?"

"वाद्यांच्या कारखान्यात बहिरो कोण ठेवतलो? म्हणान नाय सांगलंय," काशीराम म्हणाला.

विद्याधरचा कारखाना म्हणजे साकीनाक्याला पत्र्याची एक शेड. एकीकडे पॉवर प्रेस, दुसरीकडे नट-बोल्टवाला, मध्ये हा. विद्याधर स्वतः दहा वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत होता. परदेशी इलेक्ट्रिक गिटार इथल्या वादकाच्या ऐपतीबाहेरची, म्हणून त्याने आपणच बनवायला घेतली. शिलाई मशीनच्या मोटरीवर तांब्याची तार गुंडाळून तो गिटारीचे पिकअप बनवायचा. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेलं लोहचुंबक. तार हलली की ते वीज करतं, आणि ती वीज पुढे स्पीकरमधून आवाज होऊन निघते. लाकडाचं विद्याधरला फारसं काही वाटत नव्हतं. "हिला पोकळ पोट नाही मेस्त्री," तो म्हणायचा, "आवाज पिकअपचा. फळीला तारा ठोकल्या तरी वाजेल."

पण गिऱ्हाइकं तक्रार करत होती. विद्याधर सगळी गिटार सागवानाची करायचा, अंगही आणि दांडीही. वादक तिला उचलून बघायचे आणि खांदा चोळत परत ठेवायचे.

काशीरामने महिनाभर काही म्हटलं नाही. मग एक दिवस त्याने लाकूडवाल्याकडून शिवणीची एक जुनी फळी आणली. कोकणात शिवणीचे पाट करतात, मृदंग करतात. हलकी, रंगाने साखरेच्या पाकासारखी, आणि एकदा सुकली की जागची हलत नाही. त्याने तिचं अंग कापलं, दांडी मात्र सागवानाचीच ठेवली, कारण दांडीला तारांचा ताण सोसायचा असतो. बोटं जिथे फिरतात ती वरची पट्टी शिसवीची. तयार झाल्यावर त्याने दांडीचं टोक आपल्या जबड्याच्या हाडाला टेकवलं आणि जाडी तार छेडली. सागवानी गिटारीत हा कंप टोकाशीच आखडायचा. शिवणीत तो अंगात उतरला, बरगडीपर्यंत आला आणि बराच वेळ राहिला. बारीक तारा मात्र त्याच्यासाठी नुसत्या हलत होत्या.

विद्याधरने तेच पिकअप आधी सागवानी गिटारीत बसवून ऐकले, मग काढून शिवणीत बसवून ऐकले. पुन्हा उलट करून ऐकले. अख्खी दुपार त्यात गेली. शेवटी स्पीकर बंद करून तो म्हणाला, "फरक आहे. थोडा आहे, पण आहे. हिचा सूर मोकळा सुटतो. तुम्हाला कसं कळलं?"

"हातास कळतं," काशीराम म्हणाला. खरं तर तो फरक त्याने कधीच ऐकला नव्हता आणि ऐकणारही नव्हता.

पुढचे पाच-सहा महिने बरे गेले. शिवणीच्या गिटारींचं नाव झालं. दादर-गिरगावचे वादक साकीनाक्याची शेड शोधत यायचे. घरी वनमाला जरा कमी बोलायची आणि जास्त झोपायची, एवढी शांतता आली होती.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत नंदा साळवे आली. घाटकोपरच्या वस्तीतली, बावीस-तेवीस वर्षांची, ट्रान्झिस्टर जोडण्याच्या कारखान्यात झाळकाम, म्हणजे सोल्डरिंग, करणारी. जयंतीच्या कार्यक्रमांत, लग्नाच्या पार्ट्यांत ती गिटार वाजवायची. बाई गिटार वाजवते हे बघायलाच लोक जमायचे, आणि तिला त्याचाच राग होता. तिच्याकडची गिटार उसनी होती, सागवानी.

"तीन तास उभं राहायचं म्हणजे दगड गळ्यात बांधल्यासारखं होतं," ती म्हणाली. "आणि काका, मला सूर शेवटपर्यंत टिकायला हवा. मध्येच मरतो तो नको."

अंधेरीचा एक मोठा ऑर्केस्ट्रा दुबई-मस्कतच्या दौऱ्यावर निघणार होता. त्यांना गिटारवाला हवा होता. तेवीस दिवसांनी त्यांची निवड होती. नंदाने शेडमधली शिवणीची एक गिटार गळ्यात घातली, पाच मिनिटं वाजवली आणि म्हणाली, "अशीच. पण दांडी बारीक करा, माझा पंजा लहान आहे."

काशीरामने तिचा डावा हात आपल्या हातात घेऊन बोटांचं माप घेतलं. माप घेतानाच त्याला कळून चुकलं की अडचण आहे. अंगासाठी शिवण होती. दांडीचं सुकं सागवान मात्र संपलं होतं. नवी खेप नुकतीच चिरून आलेली, अजून ओली, हाताला थंडगार. दांडीसारख्या कामाला तसं लाकूड सहा महिने तरी सावलीत पडून राहायला हवं.

नंदा गेल्यावर त्याने विद्याधरला ते सांगितलं. विद्याधर म्हणाला, "ही गिटार वेळेत गेली तर ऑर्केस्ट्रावाले आपल्याकडून आणखी सहा घेणारेत. जुनं लाकूड दुसरीकडून बघा."

काशीरामने सगळीकडे बघितलं. मिळालं ते एक तर किडकं, नाही तर गाठीचं. आठ दिवस गेले. तो पुन्हा म्हणाला, "शेठ, तिला जमणार नाही म्हणून सांगूया. पोरीचं नुकसान होईल."

विद्याधर हिशेबाच्या वहीकडे वळला. पण दुसऱ्या दिवशी काशीराम बाकावर वाकून रंधा मारत असताना विद्याधर त्याच्या मागे येऊन उभा राहिला. त्याने हाक मारली. पुन्हा मारली. वीज गेल्यामुळे शेजारची प्रेसही बंद होती, शेडमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. काशीराम रंधा मारत राहिला. मग समोरच्या प्लायवूडवर एक हात आला आणि पेन्सिलीने लिहू लागला: ऐकू येत नाही?

काशीरामने रंधा खाली ठेवला.

"कधीपासून?" विद्याधरने समोर येऊन विचारलं.

"गिरणीत होतो तेव्हापासून."

विद्याधर स्टुलावर बसला. तो वाईट माणूस नव्हता. पण शेडचा मालक त्याला जागा सोडायला सांगत होता आणि त्याच्याही घरात माणसं होती. तो म्हणाला, आणि सावकाश म्हणाला, म्हणजे काशीरामला ओठ वाचता येतील, "मेस्त्री, मी हे कुणाला सांगत नाही. तुम्ही ती दांडी करा."

काशीरामने दांडी करायला घेतली.

नव्या खेपेतला त्यातल्या त्यात सरळ रेषेचा तुकडा निवडून तो त्याने घरी नेला. गल्लीच्या तोंडाशी बेकरी होती. बेकरीवाल्याला विनवून त्याने तो तुकडा चार दिवस भट्टीच्या माथ्यावर ठेवला. रोज जाऊन कूस बदलायचा. चौथ्या दिवशी लाकूड वरून कोरडं, हलकं लागलं, पाव भाजल्यासारखा वास मारत होतं. पण रंध्याने पहिली साल काढल्यावर त्याच्या अंगठ्याला आतला गारवा लागला. भट्टीने वरचं कातडं सुकवलं होतं, आतलं पाणी आतच कोंडलं होतं. तिथे त्याने थांबायला हवं होतं. तो थांबला नाही. दांडीत लोखंडी सळई घातली, शिसवीची पट्टी चिकटवली, नंदाच्या पंज्याप्रमाणे पाठ तासली. गिटार दिसायला सुरेख झाली. नंदाने ती गळ्यात घातली आणि डोळे मिटून घेतले.

"हातात असल्यासारखी वाटतच नाही," ती म्हणाली.

काशीरामने मान खाली घातली.

निवडीनंतर दोन दिवसांनी नंदा शेडमध्ये आली. तिने गिटार बाकावर ठेवली. ती काय बोलली ते काशीरामला कळलं नाही, कारण ती विद्याधरकडे तोंड करून बोलत होती. विद्याधरचे ओठ मात्र त्याला दिसले, "उन्हात ठेवली असणार तुम्ही."

"बाय, माझ्याकडे बघून सांग," काशीराम म्हणाला.

नंदा त्याच्याकडे वळली. "घरून सुरात लावून नेली होती. पहिलं गाणं नीट गेलं. हॉलमध्ये दिवे तापले तशी ही फिरायला लागली. तिसऱ्या गाण्याला एका बाजूच्या तारा खर्र वाजायला लागल्या, दुसऱ्या बाजूच्या दाबल्या जाईनात. मी थांबून परत लावली, परत गेली. त्यांचा माणूस म्हणाला, बाई, आधी वाद्य सुरात लावायला शिका. सगळे हसले."

काशीरामने गिटार उचलून डोळ्यासमोर आडवी धरली. दांडी वाकली असती तर आतली सळई कसून सरळ करता आली असती. ही पिळली होती. पिळलेल्या टॉवेलसारखी, जाड्या तारांकडून खाली आणि बारीक तारांकडून वर. पिळावर सळई काही करू शकत नाही.

"लाकूड ओलं होतं," तो म्हणाला. "मला ठाऊक होतं."

नंदा त्याच्याकडे बघत राहिली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं असं काशीराम पुढे म्हणायचा. ती गिटार घेऊन निघून गेली. विद्याधर पाठमोरा होऊन काही तरी बोलला. काशीरामला एक अक्षरही ऐकू आलं नाही, पण त्याने हत्यारं पिशवीत भरली.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. मरोळ, साकीनाका, चकाला, सगळीकडे तो पायी फिरला. एका फर्निचरवाल्याने ठेवून घेतलं, पण तिथे गोल करवत होती. लाकडात गाठ आली की करवतीचा आवाज चढतो आणि माणूस हात मागे घेतो. काशीरामला तो आवाज कळायचा नाही. पाचव्या दिवशी करंगळीचं पेर थोडक्यात वाचलं आणि मालकाने त्याला हात जोडले. गिरणीने काही जणांना परत घेतल्याची बातमी आली. तो जाऊन फाटकावरची यादी दोनदा वाचून आला. त्यात त्याचं नाव नव्हतं.

सकाळी डबा घेऊन निघायचं, लेण्यांच्या पायऱ्यांवर बसायचं, संध्याकाळी परत यायचं, असंही त्याने काही आठवडे केलं. वनमालेला ते ठाऊक होतं. ती डबा भरून देत होती.

ऑगस्टमध्ये एक दिवस तो चालत पवई तलावापर्यंत गेला आणि बांधावर बराच वेळ उभा राहिला. त्या वेळी काय मनात होतं ते त्याने वनमालेला कित्येक वर्षांनी सांगितलं. त्या दिवशी फक्त एवढंच झालं, की समोर एक बाई चादरी धूत होती, तिने हातवारे करून त्याला चादरीचं दुसरं टोक धरायला बोलावलं. दोघांनी चादर पिळली. पिळून झाल्यावर तो बांधावर परत न जाता रस्त्याला लागला.

साकीनाक्याच्या अलीकडे लोखंड ओतण्याचा एक कारखाना होता. त्याच्या फाटकाशी धोंडिराम नावाचा म्हातारा कामगार शेगडीत लाकडं सारत होता. काशीराम चालता चालता थबकला. ती जळणाची लाकडं नव्हती. ओतकामात आधी लाकडाचा नमुना करतात, तो वाळूत दाबून खळगा पाडतात आणि खळग्यात लोखंड ओततात. नमुना केसभर जरी पिळला तरी भाग बिघडतो, म्हणून त्याला जुन्यात जुनं, मुरलेलं लाकूड घेतात. धोंडिराम ते नमुने जाळत होता.

"हे का जाळतो रे?" काशीरामने विचारलं.

"ह्या मशिनी आता कोणी घेत नाय. मालक म्हणतो जागा खाली कर," धोंडिराम म्हणाला.

ढिगात दोन हात लांबीचा एक सरळ नमुना होता, लाल रंगाचे पोपडे सुटलेला. काशीरामने खिशातल्या पटाशीने कोपरा खरवडला. बर्मा सागवान. तीस-पस्तीस वर्षं कोरड्यात पडलेलं. त्याने तो जबड्याला टेकवून बोटाने ठोकला.

"डोकं फिरलंय का काय तुझं?" धोंडिराम म्हणाला. "लागतं तर ने. आणखी दोन ने."

नंदाचं घर त्याने विचारत विचारत काढलं. दारात तिची आई सुंदराबाई उभी होती. तिने त्याला ओळखलं नाही, पण त्याने सांगितल्यावर ती दार अडवून म्हणाली, "आता अजून काय न्यायचं राहिलंय?"

"काही नाही. दांडी नवी करून देतो. आता चांगलं लाकूड मिळालंय."

नंदा मागून आली. गिटार खुंटीला टांगलेली होती. तिने ती खाली उतरवली. मग स्क्रूड्रायव्हर घेऊन तिने चार स्क्रू काढले आणि नुसती दांडी त्याच्या हातात दिली. "बॉडी माझ्याकडे राहील," ती म्हणाली.

"बरोबर आहे," काशीराम म्हणाला.

तीन आठवडे तो खोलीपुढच्या पडवीत बसून ती दांडी घडवत होता. नमुना उभा चिरून त्याचे तीन पट्टे केले आणि मधला उलटा फिरवून चिकटवले, म्हणजे एकाने पीळ घ्यायचा म्हटलं तर दुसरा त्याला धरून ठेवील. जुन्या दांडीची शिसवी पट्टी गरम सुरीने सोडवली. पंज्याचं माप हातातच होतं. घरात तेव्हा तांदूळ संपले होते. वनमाला एकदा कामावरून येऊन त्याच्यासमोर उभी राहिली. "कोणी सांगलानी ह्या काम?"

"कोणी नाय."

"मगे?"

त्याने दांडी पुन्हा हातात घेतली. ती आत गेली आणि तिने भांडी जोरजोरात घासायला घेतली. त्याला ते ऐकू येत नव्हतं, हेही तिला ठाऊक होतं.

दांडी तयार झाल्यावर तिला तारा न लावता त्याने आठ दिवस तशीच ठेवली. रोज दोन्ही टोकांवर दोन सरळ पट्ट्या ठेवून एका डोळ्याने बघायचा. पट्ट्या एका रेषेत राहिल्या. भर पावसाळा असूनही दांडी हलली नाही.

नंदाने ती घरीच बसवली. सुंदराबाई चूल सोडून दाराशी आली. नंदाने तारा लावल्या, सूर जुळवले आणि स्पीकरशिवाय नुसतीच वाजवली. काशीराम तिच्या बोटांकडे बघत होता. मग त्याने विचारलं, "टोक जरा जबड्याला लावू?"

ती मागे सरली. "का?"

"मला ऐकू येत नाही, बाय. बारीक तर काहीच नाही."

नंदाने आईकडे बघितलं. मग खाली बसली आणि दांडीचं टोक त्याच्यापुढे केलं. त्याने ते हाडाला टेकवलं. तिने एकेक तार छेडली, जाडीपासून बारीकपर्यंत. चौथ्या तारेपर्यंत त्याला काही तरी लागलं. पुढच्या दोन लागल्या नाहीत.

"कशी आहे?" त्याने विचारलं.

"जुन्या दांडीत सूर मऊ होता," नंदा म्हणाली. ती आता त्याच्याकडे तोंड करून, शब्द सुटे करून बोलत होती. "हिचा कडक आहे. वरचे सूर थोडे टोचतात. पण टिकतात. शेवटपर्यंत टिकतात." मग थोडं थांबून म्हणाली, "त्या दिवशी ही असती तर."

काशीरामने हे वाचलं. तो उठला, सुंदराबाईला नमस्कार केला आणि चपला घातल्या. तिने त्याला चहा विचारला नाही.

दौरा गेला तो गेलाच. नंदाला पुन्हा तसं बोलावणं आलं नाही. ती कारखान्यात झाळकाम करत राहिली आणि सुट्टीच्या दिवशी वाजवत राहिली. तिने दोन वादकांना काशीरामकडे पाठवलं, त्यांच्या वाकलेल्या दांड्यांच्या जागी त्याने उरलेल्या दोन नमुन्यांतून नव्या केल्या. तिसरा आला तेव्हा तो धावत ओतकामाच्या कारखान्याकडे गेला. तिथे फाटकाला कुलूप होतं, बाकीचे नमुने जळून गेले होते. ओल्या लाकडाची दांडी करणार नाही असं त्याने त्या वादकाला सांगितलं. तो दुसरीकडे गेला आणि ते काम तिथेच संपलं.

पुढे मरोळला मशिनी भरायची लाकडी खोकी ठोकणाऱ्याकडे तो लागला. तिथे कोणाला कानाची गरज नव्हती. लाकूड कुठलंही चालायचं, ओलंसुद्धा.

सत्त्याऐंशीच्या एप्रिलमध्ये नंदाने त्याला जयंतीच्या कार्यक्रमाला बोलावलं. तो आणि वनमाला घाटकोपरला गेले आणि स्टेजच्या कडेला उभे राहिले. स्पीकरमधला ढोल त्याला पायांतून कळत होता, गिटार कळत नव्हती. नंदाचा डावा हात दांडीवर अगदी वरपर्यंत जाऊन खाली येत होता, कुठेही अडत नव्हता. घरी आल्यावर त्याने वनमालेला विचारलं, "कसा वाजला?"

"माका काय कळता त्यातला?" वनमाला म्हणाली. "बरा वाजला. बायल माणसा नाचत होती."

त्याने ते दोनदा सांगायला लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता तो मरोळला खोक्यांना खिळे मारायला हजर होता.